तुमच्यातली

'हाय' म्हणायला माणसाला काही कष्ट पडत नाहीत. तोंड जरासं उघडलं की झालं. पण शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, कालव्याच्या काठाने सायकल मारता मारता ज्ञानदेव भालेरावच्या तोंडून जो 'हाय' गेला, त्याने त्याचा सबंध दिवस खाल्ला. झालं होतं एवढंच. हर्नडनहून अमितच्या गाडीच्या पाठीवर सायकली बांधून तो आणि अमित पटवर्धन नदीपलीकडे आले, रायलीज लॉक या कालव्याच्या जुन्या दरवाजापाशी गाडी लावली आणि टोपाथला लागले. पहिला मैल जेमतेम सरला असेल. मागून घंटी वाजली, "ऑन युअर लेफ्ट" असा आवाज आला, ज्ञानदेवने सवयीने हँडल उजवीकडे घेतलं. डावीकडून एक मुलगी पुढे गेली, जाता जाता वळली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, काका! जय भीम!" बिनधास्त, मोठ्यांदा, आपल्या गल्लीत हाक मारावी तशी. आणि ज्ञानदेव म्हणाला, "हाय. गुड मॉर्निंग." लिफ्टमध्ये चढलेल्या परक्या माणसाला म्हणतात तसं. मुलीची सायकल क्षणभर मंदावली. मग तिने पायडल मारलं आणि ती झाडांमध्ये दिसेनाशी झाली. अमितने विचारलं, "कोण रे?" ज्ञानदेव म्हणाला, "कोण जाणे. मी नाही ओळखत. कुणी स्टुडंट असेल."

ओळखत नाही म्हणे! गेल्या ऑगस्टात डलेस विमानतळावर हिला आणायला कोण गेलं होतं? उपासनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाटी लिहून दिली होती, 'हर्षिता', आणि ती छातीशी धरून हा बाप्या पाऊण तास उभा होता. पोरगी अकोल्याची, मास्टर्सला आलेली, अपार्टमेंटची किल्ली मिळायला दोन दिवस होते म्हणून यांच्याकडेच उतरली. दोन अवजड बॅगा, त्यातल्या एकीत नुसती चटणी आणि पुस्तकं. गाडीत बसल्यावर थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "काका, इकडे आपली माणसं आहेत का?" ज्ञानदेवला तेव्हा भरून आलं होतं. "आहेत की," तो म्हणाला होता, "आम्ही आहोत ना." आता पायडल मारताना ते वाक्य त्याला पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं. आणि त्याहून वाईट प्रश्न म्हणजे, 'मी नाही ओळखत' म्हणालो तेव्हा ती किती लांब गेली होती? दहा फूट? वीस? या काठावर कमालीची शांतता असते. वीस फुटांवरून खोकलेलंसुद्धा ऐकू येतं.

कालव्याच्या वाटेची गंमत अशी की ती एकच आहे. एका बाजूला पोटोमॅक नदी, दुसऱ्या बाजूला कालवा, मधे आठ-दहा फुटांची मातीची पट्टी. पूर्वी या पट्टीवरून खेचरं चालायची आणि कालव्यातल्या कोळशाच्या नावा दोरखंडाने ओढायची, म्हणून टोपाथ, ओढीची वाट. इथे कुणाला गल्लीत वळून तोंड चुकवता येत नाही. जो पुढे गेला तो याच वाटेने परत येणार आणि समोरासमोर येणार. हर्षिता पुढे गेली होती. कुठपर्यंत गेली असेल? व्हाइट्स फेरीच्या धक्क्यापर्यंत? म्हणजे बारा-तेरा मैल. तरणी पोर, दीड तासात पोचेल, बसेल थोडी, मग उलट येईल. ज्ञानदेवने मनात हिशोब केला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. आयुष्यभर कोण कुठून कधी समोर येईल याचाच अंदाज बांधत आलोय आपण, त्याला वाटलं. पुढे वळणावर एक हेल्मेट दिसलं. त्याची बोटं ब्रेककडे गेली. पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा होता, हात हलवून गेला. "मस्त वेदर आहे यार," अमित म्हणाला. "हो ना," ज्ञानदेव म्हणाला.

वेदर खरंच मस्त होतं. सप्टेंबर सरत आलेला, सिकामोरची पानं पिवळी पडायला लागलेली, ऊन पानांतून खाली येताना मऊ होत होतं. पण पाणी नव्हतं. खालच्या अंगाला, शहराकडे, कालव्यात अजून पाणी आहे, कासवं आहेत. इथून वर नुसता खळगा. तळाशी चिखल, आणि चिखलात चांगली हातभर जाडीची झाडं वाढलेली. कुठेतरी वाटेतल्या पाटीवर त्याने पूर्वी वाचलं होतं की हा कालवा खोदायला बावीस वर्षं लागली आणि तो पुरा होईतो रेल्वे आधीच जाऊन पोचली होती. तेव्हा त्याने ते अमितला कौतुकाने वाचून दाखवलं होतं. आज त्याला त्या खोदणाऱ्यांचा थकवा आल्यासारखं झालं. गुडघा दुखत होता, पण गुडघ्याचं दुखणं निराळं. हे दुसरं होतं. गेली पंधरा वर्षं रोज थोडं थोडं साचलेलं, झोपून न जाणारं.

पंधरा वर्षं म्हणजे त्या हसण्यापासून. ते इथे राहायला आले त्या वर्षी मराठी मंडळाच्या संक्रांतीला गेले होते. हातात तिळाची वडी, कागदी कपात चहा. नीना नावाच्या एक प्रौढ बाई जवळ आल्या, नाव विचारलं, आणि म्हणाल्या, "भालेराव म्हणजे देशस्थ ना? अहो, आमची मावसबहीण भालेरावांकडेच दिलीय, नाशिकला!" भालेराव हे आडनाव तसं बेरकी आहे. देशस्थांत आहे आणि आपल्यातही आहे. त्यात नाव ज्ञानदेव. शाळेत दाखल करताना गुरुजींनी परस्पर घातलेलं. आई जन्मभर 'गौतम'च म्हणत राहिली. तर बाईंनी विचारलं, आणि ज्ञानदेव हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. नुसता हसला आणि चहाचा घोट घेतला. बाईंना तेवढं पुरलं. आठवड्याभरात तो साऱ्या मंडळाला देशस्थ झाला. लोक मेहनत करून जात लपवतात, याची एका घोटात लपली! उपासना शेजारी उभी होती. ती हसली नव्हती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्यांना चूक कळायला एक वाक्य लागलं असतं." तो म्हणाला, "पहिल्याच भेटीत कशाला? पुढच्या वेळी सांगू." पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड झालं, त्याच्या पुढच्या वेळी त्याहून. खोटं बोललं की माफी मागता येते. हसण्याची माफी कशी मागायची?

आणि मग त्या हसण्याला खाऊपिऊ घालणं आलं. पटवर्धनांची जोडी जेवायला यायची असली की हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर उतरवून बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये, कोटांच्या मागे. पाहुणे गेले की परत खिळ्याला. उपासना या कामाला हात लावायची नाही, टेबल पुसत राहायची. एकदा अनिका, तेव्हा नऊ वर्षांची, ऐन जेवणाच्या वेळी, पटवर्धन मंडळी हात धुवत असताना म्हणाली, "बाबा, व्हेअर डिड बाबासाहेब गो?" ज्ञानदेवने घाईघाईने तिच्या ताटात श्रीखंड वाढलं. तीच अनिका आता ओहायोत डब्लिनला नोकरी करते. मागच्या थँक्सगिव्हिंगला म्हणाली, "यू नो, बाबा, इट वॉज नेव्हर हिम इन द क्लॉझेट." तो तेव्हाही हसलाच. आणि कहर म्हणजे मंडळाचा गणपती. बारा वर्षांपूर्वी संकल्पाला बसायची पाळी अमितने प्रेमाने भालेरावांना दिली. उपासनाने साफ सांगितलं, "तुझ्या हसण्याच्या पूजेला मी बसणार नाही." मग बायकोच्या जागी सुपारी कनवटीला लावून हा एकटाच पाटावर बसला. गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळायचे, म्हणाले, "गोत्र?" आदल्या दिवशी त्याने नेटवर वाचून ठेवलं होतं की ठाऊक नसेल तर कश्यप म्हणावं. पण ऐन वेळी कश्यप की कौशिक, डोकंच चालेना. शेवटी "कश्यप" म्हणाला. घरी आल्यावर उपासनाने दार उघडलं, सोवळ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाबासाहेबांच्या बाविसातल्या किती प्रतिज्ञा मोडल्यास आज?" त्यावर मात्र त्याला हसता आलं नव्हतं. अंघोळ करून तो बराच वेळ न्हाणीतच बसून राहिला होता.

"अरे, हे बघ काय मिळालं!" अमित पुढे थांबला होता. उंच, सडसडीत, पन्नाशीतही शाळकरी उत्साहाचा माणूस. वाईट म्हणावं असं काही त्याच्यात नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ज्ञानदेवचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन दिवस डबा आणून देणारा हाच. त्याच्या हातात पॉपॉचं फळ होतं, हिरवं, मऊ पडलेलं. त्याने सुरीने ते कापलं, आतला पिवळा गर आणि काळ्या बिया. "सीताफळाचा मावसभाऊ! खा." ज्ञानदेवने खाल्लं. गोड होतं, अतिपक्व, जिभेवर रेंगाळणारं. आपल्या वाशीमकडच्या टेकडीवरची सीताफळं त्याला आठवली, आणि पाठोपाठ वाटलं, हर्षिता इथून जाताना थांबली असेल का, तिला हे झाड ओळखू आलं असेल का. कुणीतरी दाखवायला हवं होतं. एवढ्या वर्षांत त्याने इकडे आलेल्या आपल्यातल्या एकाही पोराला हा काठ दाखवला नव्हता. वर्षातून एकदा अमितबरोबर यायचं ठरलेलं, बस. समोरून दोन सायकली आल्या. नवराबायको होते. ज्ञानदेवने सोडलेला श्वास त्याला स्वतःलाच ऐकू आला.

एडवर्ड्स फेरीच्या अलीकडे एक कॅम्पसाइट लागते. लाकडी टेबल, चूल, आणि पाण्याचा हातपंप. तिथे ते जेवायला बसले. सुलेखाने, अमितच्या बायकोने, थालीपिठं दिली होती, वर लोण्याची डबी. अमित खाता खाता रिटायरमेंटबद्दल बोलत होता, पुण्यात फ्लॅट ठेवावा की विकावा. ज्ञानदेव माना डोलवत होता आणि वाटेकडे बघत होता. साडेअकरा. आता ती उलट निघाली असेल. "अमित, इथूनच परतू या का? गुडघा जरा कुरकुरतोय," तो म्हणाला. म्हणजे लवकर गाडी गाठू, सायकली बांधू, ती यायच्या आत हायवेला लागू. अमित म्हणाला, "एवढ्यात? बरं, बघू. हात तर धुऊ." तो पंपापाशी गेला आणि दांडा मारायला लागला. "ये, मी मारतो, तू घे." आधी नुसता खडखडाट, मग भसकन पाणी आलं. ज्ञानदेवने हात धुतले, वाकून ओंजळ धरली. गार पाणी, लोखंडाचा आणि औषधाचा वास. गावात आई विहिरीच्या काठाशी घागर ठेवून लांब उभी राहायची आणि कुणीतरी येऊन वरून ओतेपर्यंत वाट बघायची. कधी तासतास. तो सहा वर्षांचा होता, तिच्या पदराशी उभा. आईला उभं राहून राहून पाय दुखायचे. हे त्याला एवढ्या वर्षांत कितीदा आठवलं असेल? फार नाही. त्याने ते आठवायचं सोडून दिलं होतं.

"ती सकाळची मुलगी," दांडा मारता मारता अमित सहज म्हणाला, "तुमच्यातली ना रे?"

ओंजळीतलं पाणी बोटांतून गळालं. ज्ञानदेवने वाकल्या वाकल्या मान वर केली. पंप चालू होता. "अरे, असा बघू नकोस," अमित म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच प्रेमळ होता, "मला माहीत आहे. कधीचं माहीत आहे." "कधीचं म्हणजे?" "तू गणपतीत गोत्र सांगायला एवढा वेळ लावलास ना, तेव्हाच. देशस्थ माणूस गोत्राला अडत नाही रे. सुलेखा तर म्हणाली, त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर खिळा आहे आणि फोटो नाही. बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही बघ." "मग बोलला नाहीस कधी?" अमितने दांडा सोडला. "तुला ऑकवर्ड होईल म्हणून. सुलेखालाही सांगून ठेवलं होतं, विषय काढायचा नाही. तुला जसं कम्फर्टेबल वाटतं तसं. आपल्याला असलं काही नसतं, यू नो मी."

यू नो मी. ज्ञानदेव टेबलाशी जाऊन बसला. राग यायला हवा होता, निदान सुटल्यासारखं तरी व्हायला हवं होतं. यातलं काहीच झालं नाही. नुसता थकवा होता, आता त्याला तळच उरला नाही असा. बारा वर्षं! बारा वर्षं तो तसबीर उतरवत होता आणि पलीकडची दोघं खिळा बघत होती. तो लपवत होता आणि ते लपवू देत होते. त्याने सांभाळून हसायचं आणि त्यांनी सांभाळून घ्यायचं, यालाच दोन्ही घरं मैत्री म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर होतीही ती मैत्री, डबे खरे होते, थालीपिठं खरी होती. म्हणजे या सगळ्या धडपडीत फसलं कोण? अमित फसला नाही. नीनाबाईही एव्हाना फसलेल्या नसतील. उपासनाला पहिल्या दिवसापासून माहीत, अनिकाला नवव्या वर्षापासून. हिंडून फिरून एकटी हर्षिता उरत होती, जिने त्याच्यावर सरळ विश्वास टाकला. आम्ही आहोत ना, या शब्दावर. तिला तो म्हणाला होता, हाय, गुड मॉर्निंग. आणि 'तुमच्यातली' हे अमित म्हणाला; 'आमच्यातली' हे ज्ञानदेवने म्हणायला हवं होतं, सकाळी आणि आताही. लाज वाटली त्याला. स्वच्छ, चांगली सणसणीत लाज, इतकी की त्या थकव्यातूनही ती वर आली. त्याने निदान एवढं तरी लगेच दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं.

"हर्षिता नाव आहे तिचं," तो म्हणाला. "ओळखतो मी तिला. आमच्याकडे राहिलीय दोन दिवस. आमच्यातलीच आहे." "ते कळलंच रे," अमित डबा बंद करत म्हणाला, "चल, परत फिरायचं ना? गुडघा..." "नाही," ज्ञानदेव म्हणाला, "जाऊ थोडं पुढे." अमितने खांदे उडवले. सायकलीवर बसताना गुडघा खराच कळवळला, पण ज्ञानदेवने लक्ष दिलं नाही. सकाळपासून प्रत्येक हेल्मेट पाहून त्याची बोटं ब्रेककडे जात होती. आता वाट मोकळी दिसली की जीव खाली-वर होत होता. ती आलीच नाही तर? पलीकडच्या रस्त्यावर कुणी तिला गाडीतून न्यायला आलं तर? तो मनाशी वाक्यं जुळवायला लागला. सकाळी माझं लक्ष नव्हतं गं. छे, पुन्हा खोटं. सकाळी मी घाबरलो. ते म्हणायला जीभ कशी वळणार? काही नको, नुसता तिचा जय भीम तिला परत द्यायचा, मोठ्यांदा, तिने दिला होता तसा. दोन शब्द. त्याने ते ओठांवर म्हणून पाहिले. घरात उपासनाला तो रोज म्हणायचा, फोनवर भावाला म्हणायचा, विहारात खीर खायला गेला की म्हणायचा. उघड्या आभाळाखाली, अमितच्या कानांवर, पंधरा वर्षांत एकदाही नाही. त्याने बाटलीतून घोट घेतला आणि पुन्हा म्हणून पाहिले.

ती दिसली ती बरीच लांबून. झाडांची कमान सरळ रेषेत गेलेली, आणि त्या टोकाला एक ठिपका, मग हेल्मेट, मग तिची डावा खांदा उचलून सायकल मारायची ढब. तिनेही या दोघांना पाहिलं असणार, कारण तिचा वेग कमी झाला. अमित जरा मागे होता. ती जवळ आली, अगदी जवळ, आणि ज्ञानदेवने तोंड उघडायच्या आत, नीट, हसून, छान उच्चारात म्हणाली, "हॅलो, सर! हॅव अ गुड राइड!" आणि निघून जायला लागली.

सर. दोन दिवस ज्याच्या घरी वरणभात खाल्ला त्याला सर! त्याला लगेच कळलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मान फिरवून गेली असती, आणि ते त्याने सोसलं असतं. तिने त्याला सांभाळून घेतलं होतं. सकाळी जे ऐकलं त्यावरून तिने वाटभर विचार केला होता, काकांना त्या माणसासमोर अडचण होते, आणि तिने ठरवलं होतं काय बोलायचं, कसं बोलायचं. जे शिकायला त्याला पंधरा वर्षं लागली ते चोवीस वर्षांच्या पोरीला त्याने एका सकाळीत शिकवलं होतं. "हर्षिता!" तो ओरडला. इतका जोरात की अमितने ब्रेक दाबला. ज्ञानदेवने सायकल तशीच आडवी टाकली आणि मागे वळून चालत सुटला, लंगडत. पाचसहा हातांवर ती थांबली होती, एक पाय जमिनीवर, मान वळवलेली. दोघांच्या मधोमध अमित सायकल धरून उभा होता. ज्ञानदेवला दम लागला होता. त्याने छातीशी हात नेला आणि म्हणाला, चांगलं खणखणीत म्हणाला, "जय भीम, बेटा."

तिचे ओठ हलले. पण बोलायच्या आधी तिने एकदा अमितकडे पाहिलं.